तीट

“डबी द्या, आई,” माग्दा म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

लंकाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काजळाची डबी तिच्या बटव्यात होती आणि सून पोलंडची असली, तरी सासूच्या बटव्यात काय काय असतं ते तिला दोन वर्षांत पाठ झालं होतं.

सीबीएस बसस्टँडजवळच्या गोरक्षच्या फोटो स्टुडिओत निफाडहून ही सगळी वरात आज तिसऱ्यांदा आली होती. माग्दाची लीना तीन महिन्यांची. तिचा पासपोर्ट काढायचा होता, तिच्या आईच्या देशाचा. पहिला फोटो परत आला, कारण लीनाला धरणारा लंकाबाईचा हात हिरव्या बांगड्यांसकट त्यात उमटला होता. दुसऱ्यात हात नव्हता, पण गालावर तीट होती. स्टुडिओत शिरता शिरता लंकाबाईने बोट टेकवलं होतं. लीनाच्या बापाला, हर्षलला, ती खटकली नाही, गोरक्षलाही नाही. बाळ म्हटलं की तीट असायचीच, ती वेगळी दिसते कुणाला? वकिलातीला दिसली. हा डाग खरा असेल तर तसा डॉक्टरांचा दाखला जोडा, नसेल तर फोटो बदला, असं पत्र आलं. कॉम्प्युटरवर पुसलेला फोटो चालणार नव्हता.

उद्या सकाळी अकराला मुंबईत कागद द्यायचे होते. ती वेळ हुकली की पुढची दोन महिन्यांनी, म्हणजे काढलेली तिकिटं गेली. तिकडे माग्दाची आई गुडघ्याचं ऑपरेशन करून घरात बसली होती. नातीला तिने अजून मोबाईलमध्येच पाहिलं होतं.

“दे ना आई,” हर्षल म्हणाला.

“एरवी नाय लावली तर चालंल,” लंकाबाई म्हणाली. “पण ह्याच फोटोकडं तर समदे डोळे फाडून बघणार. विमानतळावरचा शिपाई बघंल, तिकडचा साहेब बघंल. अन् तिथंच पोरीचा गाल मोकळा?”

म्हातारीचं म्हणणं तसं बिनतोड होतं. माग्दाने मात्र पुढे केलेला हात मागे घेतला नाही. शेवटी लंकाबाईने डबी त्या हातावर ठेवली. ठेवली कसली, आपटली. माग्दाने ती पर्समध्ये टाकली, ओल्या रुमालाने लीनाचा गाल पुसला, आणि लंकाबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

आता धरायचं कोणी? लीनाने अजून नीट मान धरली नव्हती. माग्दाच्या मांडीवर ती दूध शोधायची आणि हर्षलने घेतलं की भोकाड पसरायची. राहता राहिली आजी. गोरक्षने तिला खुर्चीत बसवलं, डोक्यावरून पायापर्यंत पांढरी चादर टाकली आणि लीनाला वरून मांडीत दिलं.

“आजी, तुम्ही आता भिंत,” तो म्हणाला. “भिंत हलत नसते.”

चादरीला साबणाचा वास होता. आत उजेड होता, पण दिसत काहीच नव्हतं. नातीची इवलीशी मान कापडातून हाताला लागत होती, ऊबदार. बाहेर गोरक्ष किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत होता, हर्षल जीभ टाळ्याला लावून टकटक करत होता. उभ्या जन्मात लंकाबाई इतकी गप्प कधी बसली नव्हती. गप्प बसलं की नको ते मनात येतं. पोर आता जाणार. तीन महिन्यांसाठीच, पण जाणार. तोवर आपल्या ह्या हातांनी करायचं काय? तिला भरून आलं. चादरीखाली कोण बघतंय, म्हणून तिने डोळे खुशाल वाहू दिले. हात तेवढा हलू दिला नाही.

फोटो निघाला. गोरक्षने प्रती काढून कापल्या, हर्षलने पट्टी लावून मोजल्या. लीना तलाठ्यासारखा गंभीर चेहरा करून समोर बघत होती. मागे सगळं पांढरंशुभ्र. लंकाबाईने फोटो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, आपण कुठे आलोय का ते शोधलं. ती कुठेच नव्हती.

“झ्याक आला,” ती म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं.

हर्षल गाडी काढायला गेला. लीना आजीच्या खांद्यावर झोपून गेली होती. माग्दाने फॉर्मवर चिकटवायचा फोटो उचलला आणि काउंटरवर पालथा ठेवला. पर्समधून डबी काढली, करंगळी काजळात बुडवली आणि फोटोच्या पाठीवर, बरोबर गालाच्या मागे, टेकवली. हाताला सवय नव्हती. तीट जरा मोठीच झाली.

“मागे कोणी बघत नाही, आई,” ती म्हणाली.

सुनेला आपलं काही म्हणून कळत नाही, असं लंकाबाईने दोन वर्षं गावभर सांगितलं होतं. ते सगळं आता गिळावं लागणार होतं, आणि ते चक्क गोड लागत होतं.

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग उशीर होतोय म्हणत हर्षल दारात येऊन उभा राहिला. आत सासू आणि सून एवढ्याशा फोटोवर डोकी जोडून आळीपाळीने फुंकर घालत होत्या.

“थांब जरा,” लंकाबाई मान वर न करता म्हणाली. “वाळू दे.”