टाकीवरचं काज

टॉवरच्या चढावर, निम्म्यातच, मोटारसायकलनं दोन आचके दिले आणि मान टाकली.

"शेवटचा स्टॉप आला, कंडक्टर," मागे बसलेला मेकॅनिक हसत खाली उतरला. "उतरून घ्या."

कंडक्टर उतरला नाही. बसची नोकरी सुटून वर्षं झाली तरी लोक त्याला याच नावानं हाक मारत. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हँडल धरून तो तसाच बसून राहिला. याच मेकॅनिकनं इंजिन खोलून पिस्टन आणि रिंगा बदलल्या होत्या, आणि तेव्हापासून गाडी याच चढावर अडून बसत होती. मेकॅनिक म्हणायचा, खोट गाडीत नाही, चालवणाऱ्याच्या हातात आहे. म्हणून आज त्यालाच मागे बसवून आणलं होतं. वर टॉवरपर्यंत गेली तर गाडी कंडक्टरची. बंद पडली तर किल्ली मेकॅनिकच्या हातात. तो विकत घ्यायला टपलेलाच होता. ही अट कंडक्टरच्या मुलीची होती, आणि ती स्कूटीवरून मागोमाग आली होती.

"द्या बाबा आता किल्ली," ती हेल्मेट काढत म्हणाली. "एखाद्या ट्रकसमोर बंद पडली म्हणजे? आई गेली. आता तुम्हीही..."

मेकॅनिकनं सवयीनं टाकीवरच्या नव्या कव्हरची झडप उचलली आणि पेट्रोल बघायला झाकण फिरवलं. सुस्स झालं. झाकण लावून, झडप दाबून बसवून त्यानं किक मारली. एका किकेत गाडी सुरू.

"बघा! माणूस ओळखते ती."

"आवाज कसला झाला रे?" कंडक्टरनं विचारलं.

"कधी?"

"झाकण उघडलंस तेव्हा."

"हवा असते काका. त्यात काय?"

"आत गेली की बाहेर आली?"

मेकॅनिकनं मुलीकडे बघून डोळे मिचकावले. कंडक्टर कव्हरवरून हात फिरवत होता. गुळगुळीत, जाड, कुठंही फट नाही.

"माझं जुनं कव्हर कुठं आहे?"

"ते काजवालं?" मेकॅनिक खिदळला. "काका, शर्टाला काज असतं, टाकीला नसतं. बटण कुठं लावत होतात? म्हणून तर इंजिनाच्या कामाबरोबर नवं बसवून दिलं, आपल्यातर्फे."

ते कव्हर बायकोनं शिवलं होतं. शिंप्याकडून शर्ट आणून ती घरी काजं करायची. कव्हर झालं तेव्हा बरोबर झाकणाच्या बारीक भोकावर येईल असं एक काज तिनं त्यात कापलं, कडेनं नीट टाके घातले. कंडक्टरही हसला होता. म्हणाला होता, हिला काही दिसलं की काज सुचतं. आणि हीच बाई तेलाच्या डब्याला खिळ्यानं दोन भोकं पाडायची. एक तेलाला, एक वाऱ्याला. एकाच भोकातून तेल आचके देत येतं आणि थांबतं.

"स्क्रू-ड्रायव्हर दे."

मेकॅनिकनं खिशातला काढून दिला. कंडक्टरनं तो झडपेत खुपसला आणि गोल फिरवला.

"अहो, नवंकोरं आहे ते!"

"बस मागे."

"कुठं जायचं?"

"टॉवर, पलीकडून खाली, तळ्याला वळसा, परत इथं. आता झाकण उघडून आत हवा गेलीय, एक फेरी कुणीही मारेल. बंद पडेपर्यंत फिरायचं."

मुलगी रस्त्याच्या कडेला थांबली. पहिल्यांदा गाडी समोरून गेली तेव्हा तिच्या हातांची घडी होती. दुसऱ्यांदा घडी सुटली होती. तिसऱ्यांदा मागे बसलेला मेकॅनिक लांबूनच ओरडत आला, "ताई, थांबवा यांना! गॅरेजात गिऱ्हाईकं खोळंबलीत!"

"इथं स्टॉप नाही!" कंडक्टर ओरडला, आणि गाडी तशीच चढ चढून गेली. मुलगी इतकी हसली की हेल्मेट तिच्या हातातून सुटलं आणि उतारावरून गडगडत गेलं.

शेवटी पेट्रोलचीच दया येऊन त्यानं गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. मेकॅनिक उतरला, कंबर धरून वाकला आणि त्यानं झडपेच्या भोकावर बोट ठेवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं.

"ओढतंय," तो हळूच म्हणाला. "माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"मीही हसलोच होतो तिला."

"ते जुनं कव्हर आहे अजून, काका. स्टुलावर घातलंय बसायला."

"धुऊन आण."

मुलीनं स्कूटीची किल्ली मेकॅनिकच्या हातात ठेवली. "दादा, ही तुम्ही आणा. आणि खालून माझं हेल्मेट तेवढं उचला." ती येऊन बापाच्या मागे बसली. फाटक्या भोकाकडे बघत म्हणाली, "कडा उसवणार ही. आईनं कधी सांगितलं नाही का, काज कशासाठी आहे ते?"

"सांगितलंही असेल. मागे बसून ती सारखी बोलायची. मी नुसतं हं, हं करायचो. इंजिनापुढं काही ऐकू यायचं नाही."

त्यानं गिअर टाकला. गाडी न कुरकुरता चढू लागली. मागून मुलगी काहीतरी बोलली. मग पुढे वाकून, त्याच्या कानाशी, पुन्हा बोलली.

टॉवर मागे पडला. पलीकडचा उतार लागला तसं कंडक्टरनं आपल्या हातानं इंजिन बंद केलं. आता फक्त चाकं वाजत होती.

"हं, बोल," तो म्हणाला. "ऐकतोय."