रेषेवरचा पाय

"पाय काढून टाकले? दिवसरात्र खपून बनवले होते मी ते!" शर्वाणी ओरडतच सरांच्या केबिनमध्ये शिरली.

"अगं, गेम खेळाडूच्या नजरेतून दिसतो. स्वतःचे पाय कोण बघत बसतं? नुसते हात पुरे."

"कबड्डीचा गेम आहे, सर! रेषेबाहेर पाय पडला की बाद. तो दिसायला नको?" तिने दातओठ खात व्हीआर हेडसेट सरांच्या डोळ्यांवर चढवला. "खेळूनच दाखवा."

सर "कबड्डी, कबड्डी" करत घुसले आणि लगेच बाद झाले. पुन्हा बाद. मग त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "बाद कसा? कुठे पडला पाय? दाखव!"

तिने अख्खं शरीर परत चालू केलं. गेमचा हिरो आपल्यासारखाच हवा म्हणून सरांनीच स्वतःची मापं दिली होती.

सरांनी खाली बघितलं. "अजूनही पाय नाहीत!"

"आहेत, सर. पोटाखाली आहेत."

"काहीही! बग आहे हा!" सरांनी हेडसेट काढून फेकला, ताठ उभे राहिले आणि स्वतःचे बूट बघायला मान खाली घातली.

त्यांनी पोट आत ओढलं, तरी बूट दिसेनात.

"पाय ठेव," शेवटी ते गुरगुरले. "पोट तेवढं कमी कर."

"कुणाचं, सर?"