लेकाची बाटली

मायक्रोस्कोपखाली पेशी हिरव्यागार उजळल्या आणि मॅडम चक्क खुर्चीतून उठल्या. "मावशी, लवकर या. तुमच्या लेकाने उजेड पाडलाय बघा."

मावशी दारातच थबकल्या. प्रयोगशाळेतल्या पेशींना खाऊपिऊ घालायचं काम त्यांचं, आणि त्यातली एक बाटली त्यांच्या मुलाची. अठराव्या वर्षी तो गेला. जाण्याआधी त्याच्या दंडाची नखाएवढी कातडी काढून ठेवली होती. आजार मोठा विचित्र. पेशी शक्ती तयार करायच्या, पण ती पेशीतल्या पडद्याबाहेर नेणारं प्रथिनच कुचकामी होतं. घरात स्वयंपाक तयार आणि वाढायला कुणी नाही, अशी गत. पोरगा तसाच झिजत गेला.

ते प्रथिन नेमकं कुठलं, हे शोधण्यात मॅडमची आठ वर्षं गेली. शेकडो प्रथिनं चाळून त्यांनी शेवटी एकावर बोट ठेवलं. आज त्याची धडधाकट प्रत या पेशींत घातली, शक्ती बाहेर आली की उजळणारा रंग टाकला, आणि पेशी उजळल्या. शेजारी त्याच पेशींची, पण प्रत न घातलेली बाटली लावून बघायची, असा नियम आहे. तो मात्र मॅडमनी पाळला नाही. या पेशी अंधाऱ्या असतात हे त्यांनी पहिल्याच वर्षी बघितलं होतं. आता पुन्हा कोण अंधार बघत बसतो?

मावशींना सगळे प्रेमाने हसायचे. बाटलीतलं लाल पाणी बदलताना त्या कुजबुजायच्या, "पोटभर घे रे." सुट्टीच्या दिवशीही येऊन जायच्या. उबेच्या कपाटाचं दार तर असं लावायच्या, की आत कुणाला नुकताच डोळा लागलाय. मॅडमना कधीकधी अंगावर काटा यायचा.

"उद्याच मुलीला आणा," मॅडम म्हणाल्या. "तिच्या रक्तात एवढं एकच तपासायचं. ते ठीक निघालं की बाळाची काळजी मिटली."

मावशींच्या मुलीला चौथा महिना होता. आजार आईकडून मुलात उतरणारा. तिला मुलगा झाला तर तोही मामाच्याच वाटेने जाऊ शकत होता. प्रथिनाचं नाव कळल्याशिवाय घरात साधं दुपटंही येऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

मावशींनी वाकून भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. आनंदाने रडताहेत असं समजून मॅडमनी त्यांच्याच फोनवरून मुलीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"आई? सापडलं का गं?"

मावशींनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, तिला बोलावू नका. तपासणी भलत्याच प्रथिनाची होईल, ठीकच निघेल आणि ती उगाच निर्धास्त होईल." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तिसऱ्या वर्षी एका सकाळी कपाट उघडलं, तर सगळ्या पेशी सुटून तरंगत होत्या. एकदा त्याला पोचवून आले होते मी. दुसऱ्यांदा नाही जमलं. मग त्याची काढली होती तशीच दंडाची कातडी काढली. तेव्हापासून त्या बाटलीत मी आहे."