फुलांची पाटी

बांडुंगच्या पोलीस चौकीसमोर सकाळीच माणसाच्या उंचीची, फुलांनी सजवलेली पाटी उभी राहिली. तिच्यावर लिहिलेलं, 'गालांगदादा, आम्ही तुझ्यासोबत!' खाली सगळ्यात मोठं नाव रेंगानिसचं. तिच्या लाडक्या गायकाने, गालांगने अंगावर हात टाकला, अशी तक्रार कुणीतरी मुलगी आत बसून देत होती म्हणे!

"हिला कोण विचारतंय? प्रसिद्धी हवीय, दुसरं काय!" रेंगानिस मैत्रिणींना म्हणाली.

इतक्यात, ओळख पटू नये म्हणून पोलीसबाईंचं जाकीट अन् तोंड झाकणारं हेल्मेट चढवलेली ती मुलगी बाहेर आली.

"खोटारडी! खोटारडी!" सगळ्यांच्या वर रेंगानिसचा आवाज.

मुलगी पाटीपाशी थबकली. खालचं नाव वाचून तिने सावकाश हेल्मेट काढलं.

"ताई?"

"तुझ्यासाठीच सही मागायला गेले होते गं त्याच्या खोलीत," ताई म्हणाली.