ढेकूळ

ढेकूळ मैदानात आलं आणि मागच्या रांगेत हशा पिकला.

मोठ्या पडद्यावर ते अगदी नावासारखं दिसत होतं. मातीचा गोळा, दोन मिचमिचे डोळे, पाय असून नसल्यासारखे. प्राण्यांच्या झुंजीच्या या खेळात ते सुरुवातीच्याच जंगलात सापडतं आणि बहुतेक जण ते तिथेच सोडून पुढे जातात. स्पर्धेच्या उपांत्य फेरीत ते कुणी आणेल असं हॉलमध्ये कुणालाच वाटलं नव्हतं.

"हे काय रे, नांगरणी करायचीय का?" समोरच्या खेळाडूनं विचारलं. गेल्या वर्षीचा विजेता, लिफ्ट दुरुस्त करणारा, आडव्या बांध्याचा माणूस. चेष्टा होती, पण तिच्यात खोट नव्हती.

ढेकूळ घेऊन आलेला धाकटा नुसता हसला. त्यानं हेडफोन कानांवर नीट बसवले.

प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या ताईनं ओठ आवळले. हा खेळ त्याला तिनंच शिकवला होता. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून तिचे पाय भरून यायचे, तरी जेवण उरकलं की दोघं खेळायला बसायची. आणि मध्येच एके दिवशी यानं वीजपंख काढून टाकला. संघातला सगळ्यात वेगवान पक्षी! त्याच्या जागी हे ध्यान. मग एकेक करत बाकीचेही बदलले. सगळे जडशीळ, सगळे मंद.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" तिनं विचारलं होतं.

"ढेकूळ मैदानात असलं की क्रम उलटा होतो, ताई. जो सगळ्यात हळू, त्याची पाळी आधी. मग आपण सगळेच हळू झालो तर?"

तेव्हा तिला ते अर्धवटच पटलं होतं. आता डोळ्यांसमोर घडत होतं. लिफ्टवाल्याचा चित्ता, ज्याच्या पुढे कुणी टिकत नसे, तो पाळीची वाट बघत ताटकळत उभा होता. तोवर धाकट्याचा दगडी बैल शिंगं उगारून मोकळा झाला. चित्ता कोसळला. त्याच्या मागून ससाणा आला, तोही गेला. मागच्या रांगेतलं हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही.

धाकटा पडद्याकडे बघत नव्हता. मान किंचित कलती, नजर टेबलाच्या कडेवर. बैलाचं फुरफुरणं, ससाण्याची किंकाळी, असा एकेक आवाज कानी पडला की त्याचा अंगठा हलायचा. किती रमलाय, ताईच्या मनात आलं.

लिफ्टवाल्याचा शेवटचा प्राणी पडला तेव्हा ढेकूळ अजून उभंच होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. लिफ्टवाला मोकळेपणानं हसला, उठला आणि त्यानं टेबलावरून हात पुढे केला.

धाकटा बसून राहिला. चेहऱ्यावर हसू, पण हात काही पुढे येईना.

"जिंकला काय, माज आला लगेच," कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. टाळ्या विरल्या. लिफ्टवाल्याचा हात तसाच अधांतरी.

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तरातरा पुढे गेली, त्याच्या कानांवरचे हेडफोन खाली ओढले. "अरे, हात दे ना त्यांना! केव्हाचे उभे आहेत ते!"

"कोण? हो, हो. सॉरी, काका." धाकट्यानं घाईघाईनं हात पुढे केला. तो लिफ्टवाल्याच्या हातापासून बराच बाजूला गेला, पाण्याच्या बाटलीला लागला. बाटली आडवी झाली. धाकटा ती चाचपत राहिला.

ताई बघतच राहिली. लिफ्टवाल्यानं बाटली उचलून उभी केली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"कधीपासून?" ताईनं विचारलं.

"वीजपंख कुठे उडतोय ते दिसेना, तेव्हापासून." तो हळू बोलत होता, आजूबाजूला ऐकू जाऊ नये म्हणून. "ढेकूळ बरं असतं. जिथे ठेवलं तिथेच असतं."

"पण चष्मा बदलला ना आपण?"

"नंतर मी एकटाच परत गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचं काम नाही हे. वाढत जाणार." त्यानं गळ्यातले हेडफोन चाचपले. "आईला घरी गेल्यावर सांगू. आता फायनल खेळू दे मला. प्लीज, ताई."

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर पुकारा झाला. अंतिम सामना मंचावर होणार होता.

"पायऱ्या आहेत, पोरा, आणि कठडा नाही," लिफ्टवाला म्हणाला. "माझा दंड धर. गप्पा मारत जाऊ."

दोघं निघाले. वाटेत लिफ्टवाला काहीबाही बोलत होता, मध्येच "चढ" म्हणत होता. हरलेला विजेता जिंकलेल्याला मंचापर्यंत सोडायला जातोय हे बघून हॉलमध्ये पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. मघाशी जो 'माज आला' म्हणाला होता, तोही उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

निवेदकानं धाकट्याला प्रेक्षकांना अभिवादन करायला सांगितलं. प्रखर दिव्यांच्या उजेडात तो वळला. उजव्या अंगाला, भिंतीलगत, जिथे कुणीच बसलेलं नव्हतं, त्या बाजूला बघून तो छान हसला आणि त्यानं हात हलवला.

ताई आपल्या जागेवर न परतता त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये जाऊन बसली.