खिडकीचा टेकू

"हा गठ्ठा हलवावा लागेल, डॉक्टर. त्याशिवाय खिडकी उघडायची नाही."

डॉक्टरांनी मान वर न करताच हात हलवला. "हलवा ना काका. ठेवा कुठेही."

काचवाल्याने गठ्ठा उचलून बाकावर ठेवला. खिडकीची कडी कधीचीच तुटली होती. वाऱ्याने झडप उघडू नये म्हणून डॉक्टरांनी तिला आतून मासिकांचा टेकू दिला होता. दुखणं कसं कमी करावं, यावर डॉक्टरांसाठीच निघणारं मासिक होतं ते; मुखपृष्ठावरच तसं मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं. वर्गणी आपोआप भरली जायची, अंक दर महिन्याला यायचा आणि प्लॅस्टिकच्या पाकिटासकट गठ्ठ्यावर चढायचा. काल वारा जरा जास्तच सुटला आणि काच तडकली, त्यात अंकांचा काही दोष नव्हता. ते जागचे हलले नव्हते.

टेबलासमोर एक आजी बसल्या होत्या आणि शेजारी त्यांची सून. आजींचा आजार हाडांपर्यंत पोचला होता.

"गोळी घेतली की बऱ्या असतात," सून सांगत होती. "पण पुढच्या गोळीची वेळ यायच्या आतच सुरू होतं. मग घड्याळाकडे बघत बसतात. काल तर उशी चावली."

"ठरलेल्या वेळेआधी द्यायची नाही. थोडं सोसायला हवं, आजी. गोळी साधी नाही ही. सवय लागेल."

"लागू दे की," आजी म्हणाल्या. "पुढच्या जन्मी सोडीन."

सुनेला हसू आलं. डॉक्टरांना आलं नाही. ते लिहू लागले.

खिडकीपाशी काचेच्या कडेची जुनी, वाळलेली लांबी खरवडण्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

"माझ्या बायकोलाही हेच म्हणाला होतात तुम्ही," काचवाला म्हणाला. "सोसायला हवं."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. ती याच खुर्चीत बसायची. गेल्या वर्षी मार्च लागला आणि ती गेली. काचवाल्याने तेव्हा एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. समजूतदार माणूस, असं डॉक्टरांना वाटलं होतं.

"काका, तुम्ही तुमचं काम करा."

"तेच करतोय." त्याने पटाशी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि बाकावरचा गठ्ठा चाळायला घेतला. मधूनच एक अंक ओढला. तो आणून डॉक्टरांच्या पुढ्यात, अर्धवट लिहिलेल्या चिठ्ठीवर ठेवला.

"वाचा."

"आत्ता?"

"आत्ता. आणि मोठ्याने."

"बाहेर माणसं खोळंबलीत, काका."

"खोळंबू देत. वाचल्याशिवाय काच बसणार नाही. बसा वारा खात."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आता तुम्ही मला शिकवणार?"

"मी कशाला? मला काच कापता येते. शिकवणारे त्या पाकिटात आहेत. दर महिन्याला दारात येतात बिचारे, आणि तुम्ही त्यांना खिडकीला टेकवून ठेवता."

डॉक्टरांनी मदतीसाठी आजींकडे पाहिलं.

"वाचा की," आजी म्हणाल्या. "मला कुठे घाई आहे? जायचंय तिथे उशिरा पोचले तरी कोणी रागावणार नाही."

डॉक्टरांनी पाकीट टराटरा फाडलं. दोन ओळी वाचायच्या आणि ही ब्याद घालवायची, एवढंच मनात होतं. पहिली ओळ त्यांनी खणखणीत वाचली. दुसरीला आवाज उतरला. तिसरी ते मनातच वाचू लागले.

"ऐकू येत नाही," काचवाला म्हणाला.

डॉक्टरांनी घसा साफ केला. मग त्यांनी वाचलं नाही, सांगितलं. अगदी हळू, जसं काही स्वतःलाच. "दुखणं परत यायची वाट बघू नये. ते यायच्या आत पुढची मात्रा पोटात हवी. मध्येच उसळलं, तर त्यासाठी एक लहान मात्रा वेगळी जवळ द्यावी. अशा आजारात सवयीच्या भीतीने माणसाला तळमळत ठेवू नये."

डॉक्टरांनी पान पुन्हा मागे उलटलं आणि पुढचं सगळं वाचून काढलं. मग त्यांनी आजींना कधी न विचारलेल्या गोष्टी विचारल्या. गुंगी येते का? पोट साफ होतं का? पहाटे जाग येते ती दुखण्यानेच ना? आधीची चिठ्ठी फाडून त्यांनी नवी लिहिली, सुनेला दोनदा समजावून सांगितली.

"म्हणजे आता घड्याळाकडे बघत बसायचं नाही?" सुनेने विचारलं.

"तुम्ही बघा. त्यांनी नाही बघायचं. आणि संध्याकाळी मला फोन करा, कसं आहे ते सांगायला."

आजी उठल्या. दारापाशी त्या काचवाल्याजवळ थांबल्या. "माझ्या घरची पण एक काच फुटलीय रे," त्या म्हणाल्या. "पण तू आलास की वाचायला लावतोस. नको बाबा." आणि सुनेच्या खांद्याला धरून बाहेर पडल्या.

डॉक्टरांनी अंक मिटला. तेव्हा कुठे त्यांचं लक्ष मुखपृष्ठाच्या कोपऱ्याकडे गेलं. फेब्रुवारी. गेल्या वर्षीचा. त्यांनी घाईने त्यावर तळवा ठेवला.

काचवाल्याची पाठ त्यांच्याकडे होती. काच बसली होती, आणि आता तो कोणी न सांगता झडपेला नवी कडी लावत होता.

"जुना अंक आलाय तुमच्या हाताला, काका," डॉक्टर कसेबसे म्हणाले. "हातात येईल तो काढलात वाटतं."

काचवाल्याने शेवटचा स्क्रू पिळला. झडप ओढून पाहिली. ती हलली नाही.

"महिना मला वाचता येतो, डॉक्टर," तो म्हणाला. "हा आला, तेव्हा ती होती."