बकलाचे ओरखडे

“मिस्त्री, माझी गिटार आणि माझी पोर, दोघींना तासभर इथं ठेवून जाते. दोघींनी किरकिर केली तर आधी गिटारकडं बघा. पोर नाटकी आहे.”

बाईंचा हा आवाज चोवीस वर्षांपूर्वीचा. बाईंना जाऊनही नऊ वर्षं झाली. ती नाटकी पोर आता तिशीची होती, मिस्त्रीच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात काउंटरपलीकडे उभी होती, आणि दोघांच्या मधे फडक्यावर बाईंची डाळिंबी रंगाची गिटार पालथी पडली होती.

काल स्टेजच्या पायरीवर गिटार पोरीच्या हातून निसटली. मान जिथं धडात बसते, नेमकी तिथं भेग गेली. तार ताणली की मान पुढं झुकायची आणि एक गाणं संपेपर्यंत सूर उतरायचा. पेटीतून काढल्यापासून मिस्त्रीनं त्या भेगेवर अंगठा ठेवला होता.

“सरस भरून चार दिवस आवळून ठेवावी लागेल,” तो म्हणाला. “त्याआधी तार चढवलीस तर मान हातात येईल.”

“चार दिवस कुठले, काका? चार वाजता गाडी सुटतेय.”

अडीच वाजले होते. तीन महिन्यांचा दौरा, रोज नवं गाव, मोठा वाद्यवृंद. वर्षभर हॉटेलांच्या कोपऱ्यात, जेवणाऱ्यांच्या पाठीकडं बघत वाजवल्यावर हाती आलेलं पहिलं धड काम.

मिस्त्रीनं हनुवटीनं भिंतीकडं खूण केली. “ती घेऊन जा. बाहेरच्या देशातनं येते, कारखान्यात शेकड्यानं होते, म्हणून स्वस्त. दिसायला बापडी, पण सूर सोडत नाही. तुला झेपेलही.”

तिनं ती काढली, अँपला जोडली, अवघडातली अवघड जागा वाजवून पाहिली. हात कुठंच अडला नाही. तिचा चेहरा मात्र उतरत गेला. वायर उपटून तिनं गिटारच्या खांद्याला कान लावला, जाडी तार छेडली, थांबली.

“घरात कुणी नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“आई घरी अँप लावायचीच नाही, शेजाऱ्यांच्या धाकानं. मी अशी धडाला कान लावून बसायची. लाकडातनं सगळं ऐकू यायचं, गाणं, तिची बोटं, मधूनच तिचं हसू. अजून स्टेजवर जाण्याआधी कान लावते. लावला की मगच पाऊल पुढं पडतं. हिच्यात कोण आहे?”

“हिच्यात लाकूड आहे.”

“तेच तर.”

तिनं नवी गिटार परत टांगली आणि जुनीवर वाकली. पाठीवरच्या बारीक चरांवरून बोट फिरवलं. “हे आईच्या कमरेच्या पट्ट्याच्या बकलाचे. उभी राहून वाजवायची ना, घासून घासून पडलेत.” मग हळूच त्याचा अंगठा बाजूला केला. “अगं बाई, आतून केवढी पांढरी!”

“जुनं लाकूड आतून तसंच असतं,” मिस्त्री म्हणाला.

असंच एकदा तिनं विचारलं होतं, हलकी कशी झाली? जुनं लाकूड वाळतं, असं तो तेव्हा म्हणाला होता.

सात वर्षांपूर्वी मान धरणारे स्क्रू सैल झाले म्हणून तिनं गिटार दिली होती. त्यानं जाड स्क्रू घेतले, आवळले, आणि एक पीळ जास्त दिला. फक्त एक. लाकूड ओरडलं नाही, कण्हलं नाही, टचकन उभं चिरलं. मग बाहेरून आलेल्या एका स्वस्त गिटारचं धड काढून त्यानं बाईंची मान त्यावर बसवली. डाळिंबी रंगाचे सात हात दिले. आणि शेवटी, दुकानाचं दार लावून, बकलाचे ओरखडे एकेक आठवून खिळ्यानं काढले.

फोन वाजला. वाद्यवृंदाचा मालक इतका मोठ्यानं बोलत होता की मिस्त्रीलाही ऐकू आलं. “येतेयस की नाही तेवढं सांग. मला वाजणारी गिटार हवीय, आठवणी नकोत. दुसरा माणूस इथं पेटी घेऊन उभा आहे.”

“पाच मिनिटं द्या.”

“दोन.”

तिनं फोन ठेवला. “सांगून टाकते, दुसरा घ्या म्हणून. चार दिवसांनी ही बरी होईल, काका? मला घाई नाही मग. तुमच्याकडं असली की मला घोर नसतो. खरं सांगू, तुम्ही हात फिरवल्यापासून आई जास्तच गोड वाटते.”

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले. पुसलेलेच परत पुसले. आता काही बोलायची गरज नव्हती. सरस भरला असता, वर रंग चढला असता, भेग बुजली असती. तिला पोर म्हणणारा, काका म्हणवून घेणारा माणूस होता तसा राहिला असता. गेलं असतं ते फक्त तिचं काम.

ती नंबर लावत होती.

“थांब,” तो म्हणाला. “फोन करू नकोस.”

“का?”

“हे आईचं लाकूड नाही.”

ती हसायला गेली. त्याच्या तोंडाकडं पाहून थांबली.

“ते माझ्या हातून चिरलं, सात वर्षांपूर्वी. हे असंच कारखान्यातलं आहे, भिंतीवरच्यासारखं. सात वर्षं तू कान लावतेस तो ह्यालाच. आईचं वर माळ्यावर आहे, दोन तुकड्यांत, गोधडीत गुंडाळून. तुला सांगवलं नाही, आणि मला टाकवलंही नाही.”